टर्बो कशाला पाहिजे, बे?

गेल्या शनिवारी रात्री डलासहून मोबाईलवर एक जाहिरात येऊन पडली. १९७७ चं सेस्ना टी२१०एम. सहा सीट, चाकं पोटात घेणारं, ३१० हॉर्सपॉवरचं टर्बोचार्ज्ड इंजिन. किंमत पावणेदोन लाख डॉलर. खाली मित्राचा मेसेज : "चौघांत घेऊ बे. एकेकाला अडतीस लाख. तेवढ्यात पुण्यात धड वन बीएचके येत नाही." आणि त्याखाली अर्थातच एक एक्सेल शीट. आमच्या पिढीत कुठलाही वेडेपणा एक्सेलमध्ये घातला की तो प्लॅन होतो.

हा मित्र आमच्या सोलापूरचाच. गेली काही वर्षं टेक्सासात आहे, तिथे त्याने प्रायव्हेट पायलटचं लायसन्स काढलंय आणि शनिवार-रविवार भाड्याच्या सेस्नातून फिरतो. त्याचा हेवा वाटतो हे आधीच कबूल करतो. त्याचा बेत असा : विमान सोलापूरला आणायचं, आपण तिघं इथे लायसन्स काढायची, तो वर्षातून दोनदा येणार तेव्हा उडवणार, एरवी आपण. पुणे पाऊण तासात. गोवा सव्वा तासात. आणि पार्किंग? तर कुंभारीला आमच्या आप्पांचं रान आहे ना, लांबच लांब, पूर्व-पश्चिम. त्यात एक पट्टी मारायची!

रविवारी सकाळी त्याला फोनवर नाही म्हणालो. पण पाच मिनिटांत नाही म्हणणं सोपं असतं आणि ते कुणाला पटत नाही. बाकीचे दोघं तर अर्धे तयार आहेत (त्यातल्या एकाचा होमलोन अजून अठरा वर्षांचा आहे, पण असो). म्हणून हे सविस्तर.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. घरात हा विषय निघाला तेव्हा पहिली प्रतिक्रिया आली ती अशी, की "शोभतं का? गावात विडी कामगार बायका राहतात आणि तुम्ही विमानं उडवणार?" आता कुंभारी म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगायला पाहिजे. अक्कलकोट रोडवरचं आमचं गाव. इथे २००६ साली विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, दहा हजार घरांची. मग रे नगर आलं, तीस हजार घरांचा प्रकल्प. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. तेव्हा तो शोभण्या-न शोभण्याचा मुद्दा भावनिकदृष्ट्या मोठा आहे. पण मला तो आळशी वाटतो. त्याच माणसांना कुणी चाळीस लाखांची एसयूव्ही घेतली तर पेढे लागतात. विमान गरीब गावात शोभत नाही म्हणून मी विरोध करत नाहीये. हे विमान चुकीचं आहे म्हणून करतोय.

आणि चुकीचं का, तर त्या 'टर्बो' या एका शब्दामुळे. आपण लॅपटॉप घेताना जसं सगळ्यात वरचं मॉडेल बघतो आणि मग त्यावर ईमेल वाचतो, तसं हे चाललंय.

थर्मोचा पेपर ज्यांनी रडतखडत काढला त्यांच्यासाठी थोडी उजळणी. पिस्टन इंजिन हवा ओढतं. वर जावं तशी हवा विरळ होते. दर हजार फुटांना साध्या इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी घटते. यावर उपाय म्हणजे एग्झॉस्टच्या गरम वायूवर एक टर्बाइन फिरवायची, त्याच दांड्यावर कॉम्प्रेसर बसवायचा आणि आत जाणारी हवा दाबून द्यायची. इंजिनाला वाटतं आपण अजून समुद्रसपाटीलाच आहोत. १९१८ साली सॅनफर्ड मॉस नावाच्या जनरल इलेक्ट्रिकच्या इंजिनिअरने हे सिद्ध करायला लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर नेलं, १४,१०९ फुटांवर. खाली साडेतीनशे हॉर्सपॉवर देणारं इंजिन वर २३० वर आलं होतं. टर्बो लावल्यावर ३५६! मला ही गोष्ट फार आवडते. पण ती घडली कुठे हे बघा. चौदा हजार फुटांवर. कोलोरॅडोत लेडव्हिल नावाचं गाव आहे, त्याचा विमानतळच दहा हजार फुटांच्या जवळ आहे. तिथून रॉकी पर्वत ओलांडायचा तर चौदा-सोळा हजारांवर जावंच लागतं. तिथे टर्बो म्हणजे चैन नाही, गरज आहे.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक कळसूबाई. १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. झालं. संपला आपला हिमालय. सोलापूर ते पुणे, सोलापूर ते गोवा, सोलापूर ते हैदराबाद, कुठेही जा, सात-आठ हजार फुटांवरून आरामात सगळं खाली राहतं. आणि त्या उंचीवर साधं सेस्ना २१० आणि टर्बो २१० जवळजवळ शेजारी शेजारी उडतील, १६५ नॉट्सच्या आसपास. टर्बोवालं खरं पळायला लागतं ते वीस हजार फुटांवर.

मित्र म्हणाला, मग जाऊ की वीस हजारांवर. बरं, करू गणित. सोलापूर-पुणे हवाई अंतर साधारण सव्वाशे नॉटिकल मैल. १६५ नॉट्सनी पंचेचाळीस मिनिटं. वीस सोडा, सतरा हजार धरू. सोलापूरचं विमानतळ साधारण सोळाशे फुटांवर आहे, म्हणजे चढायचे पंधरा हजारांच्या वर. मिनिटाला नऊशे फूट धरले तरी सतरा मिनिटं. उतरताना टर्बो इंजिन एकदम थंड करू नये म्हणतात, शिवाय केबिन प्रेशराइज्ड नाही आणि मागच्या सीटवर बायकोचे कान आहेत, त्यामुळे मिनिटाला पाचशे. म्हणजे तीस मिनिटं. सतरा आणि तीस, सत्तेचाळीस. प्रवास पंचेचाळीस मिनिटांचा! वर पोचायच्या आधीच खाली यायला सुरुवात करायची, आणि मधल्या वेळात नाकात ऑक्सिजनच्या नळ्या घालून बसायचं.

आणि हे सगळं कायद्यात बसतच नाही. भारतात व्हीएफआर, म्हणजे डोळ्यांनी बघून उडायचं उड्डाण, फ्लाइट लेव्हल १५० च्या वर नेता येत नाही. म्हणजे ढोबळ पंधरा हजार फूट. सूर्यास्तानंतरही नाही. त्यावर जायचं तर इन्स्ट्रुमेंट रेटिंग पाहिजे. आमच्या मित्राकडे ते नाही आणि आम्हा तिघांकडे तर साधं लायसन्सही नाही. म्हणजे ज्या उंचीसाठी टर्बोचे जादा पैसे द्यायचे ती उंची आपल्याला बंद आहे.

इथे त्याने एक चांगला मुद्दा काढला, तो मान्य केला पाहिजे. "सोलापूरचा मे महिना विसरलास काय?" खरंय. हवा विरळ होते ती उंचीने तशीच उष्म्यानेही. सोळाशे फुटांवर प्रमाण तापमान बारा अंश. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे बेचाळीस. तीस अंशांचा फरक, दर अंशाला साधारण १२० फूट. सोळाशे अधिक छत्तीसशे, म्हणजे विमानाच्या लेखी सोलापूर ५२०० फुटांवर. म्हणजे मे महिन्यात होटगी रोडवरून उडणं हे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावरून उडणं. साधं इंजिन तिथे पंधराएक टक्के ताकद गमावतं. टर्बो गमावत नाही.

पण टर्बो फक्त इंजिनाला फसवतो. पंखाला आणि पंख्याला ती विरळ हवाच मिळते. शिवाय कॉम्प्रेसर हवा दाबताना ती आणखी तापवतो, आणि बेचाळीस अंशांत चढताना सिलिंडरची डोकी किती तापतील याचा विचार करा. याचा खरा उपाय म्हणजे सकाळी सहाला उडणं. तो फुकट आहे. निदान फुकट असायला हवा... कारण छोट्या विमानतळांच्या कामाच्या वेळा ठरलेल्या असतात आणि त्याबाहेर उडायचं तर जादा वेळेचे पैसे भरायचे. टर्बो हे उंचीवरचं औषध आहे, आणि आपलं दुखणं असं सगळं जमिनीवरचं आहे. माझं जे काय म्हणणं आहे ते एवढंच. पण एक्सेलवाल्यांना आकडे लागतात, म्हणून पुढे.

शीटमध्ये एक रो आहे : 'इंजिन ९८० तास, टीबीओ १४००'. म्हणजे दोन ओव्हरहॉलमधला काळ चौदाशे तास. पुढे त्याने हिरव्या रंगात लिहिलंय, '४२० तास बाकी'. वर्षाला शंभर तास उडवलं तर चार वर्षं. मग ओव्हरहॉल, आणि या इंजिनाला पन्नास हजार डॉलरच्या खाली कुणी बोलत नाही. शिवाय ते बंगळुरूला नेऊन आणायचं की अमेरिकेत, ही रो शीटमध्ये नाही. साध्या इंजिनांना टीबीओ जास्त मिळतो, कारण ती एवढी तापत नाहीत. यात टर्बाइनमध्ये शिरणारा वायू नऊशे अंश सेल्सियसपर्यंत चालतो. उतरल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, काही मिनिटं मंद चालू ठेवायचं, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जळून कोळसा होतो. आणि आत दाबून हवा भरायची म्हणून कॉम्प्रेशन रेशो मुळात कमी ठेवावा लागतो, साध्याला साडेआठ तर याला साडेसात. म्हणजे खालच्या उंचीवर तेवढंच काम करायला हे जास्त पेट्रोल खाणार. आपण कायम खालच्याच उंचीवर.

एग्झॉस्टचे पाइप टर्बोला एका पट्टीसारख्या क्लॅम्पने जोडलेले असतात, व्ही-बँड म्हणतात त्याला. हातात घेतलं तर किरकोळ वाटेल अशी वस्तू. ती तुटली की नऊशे अंशांचा झोत थेट इंजिनाच्या खोलीत, जिथे पेट्रोलचे पाइप आणि मागची फायरवॉल आहे. असे अपघात इतके झाले की २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफएएने हुकूम काढला, की स्पॉट-वेल्डिंगचे असे क्लॅम्प पाचशे तासांनी फेकून द्यायचे. आमच्या शीटमध्ये क्लॅम्प हा शब्द नाही.

याहून गंभीर गोष्ट पंखांची. सेस्ना कंपनीने १९८६ साली छोटी पिस्टन विमानं बनवणं बंद केलं, कारण जुन्या विमानांच्या अपघातांचे दावे परवडेनात. १९९४ साली अमेरिकेत अठरा वर्षांपेक्षा जुन्या विमानांबाबत उत्पादकाची जबाबदारी संपवणारा कायदा झाला, मग काही मॉडेलं परत आली. २१० आलं नाही. म्हणजे जगातलं सगळ्यात तरुण २१० सुद्धा १९८६ चं. आमचं तर १९७७ चं, आपल्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठं, त्याला अहोजाहो करायला पाहिजे. :)

आता २६ मे २०१९. ऑस्ट्रेलियात माउंट इसाजवळ एक टी२१०एम, नेमकं हेच मॉडेल, सर्व्हेचं काम करत असताना त्याचा पंख हवेतच तुटला. दोघं गेले. तपासात निघालं, की दोन्ही पंखांचा भार पेलणाऱ्या छतातल्या तुळईत गंजाचा एक खड्डा होता, तिथून चीर सुरू झाली आणि वाढत गेली. ही तुळई केबिनच्या छताच्या आवरणामागे असते, बाहेरून दिसत नाही. २०२० मध्ये एफएएने या वयाच्या सगळ्या २१० च्या तुळया उघडून एडी करंटने तपासायला लावल्या. मी मित्राला एकच विचारलं, त्या रिपोर्टची कॉपी आहे का? तो म्हणाला, "सेलर म्हणतो सगळं क्लीन आहे." बे, सेलर दुसरं काय म्हणणार? आपण सेकंडहँड स्प्लेंडर घेताना मेकॅनिक घेऊन जातो. इथे तू विकणाऱ्याच्या शब्दावर चौघांच्या बायकापोरांना हवेत नेतोयस.

धरून चालू की विमान खणखणीत आहे. ते भारतात येणार कसं? डीजीसीए आयात विमानाचं वय बघते. प्रेशराइज्ड नसलेल्या विमानाची केस कागदपत्रं तपासून ठरते आणि म्हाताऱ्या विमानांना शक्यतो दार बंदच असतं. पन्नाशीला टेकलेल्याला तर विचारूच नका. म्हणजे खरं तर इथेच विषय संपतो. पण समजा नवं घेतलं, दहा वर्षांचं सिरस वगैरे, जे याच्या कितीतरी पट महाग आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून खासगी वापराच्या विमानावर जीएसटी चाळीस टक्के आहे. कोल्ड्रिंकच्या बाटलीवर असतो तोच स्लॅब! अगदी आमच्या स्वस्तातल्या दीड कोटीवर जरी लावला तरी साठ लाख. अडतीस लाखांचा वाटा त्रेपन्नवर गेला आणि विमान अजून टेक्सासातच उभं आहे. अटलांटिक ओलांडून उडवत आणायचं किंवा पंख सोडवून कंटेनरमधून, तो खर्च वेगळा. त्याचं अमेरिकन लायसन्स इथल्या व्हीटी नंबरच्या विमानाला आपोआप चालत नाही. डीजीसीएच्या परीक्षा, मेडिकल, रेडिओचं लायसन्स. मग दर उड्डाणाला फ्लाइट प्लॅन आणि हवाई संरक्षणाचा क्लिअरन्स नंबर. 'जरा पंढरपूरवरून चक्कर मारून येऊ' असं इथे नसतं.

कागदांची ताकद ज्यांना कळत नाही त्यांनी अमोल यादव यांची गोष्ट आठवावी. या माणसाने मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं. २०१६ च्या मेक इन इंडियात ते सगळ्या देशाने बघितलं. रजिस्ट्रेशन मिळालं २०१७ च्या शेवटी, आणि तेही मुख्यमंत्र्यांपासून वरपर्यंत लोकांनी लक्ष घातल्यावर. उडायची परवानगी त्याच्याही पुढे. आपण कोण, चार आयटीवाले?

आणि पेट्रोल. हे विमान एव्हगॅस १०० एलएल पितं. प्रवासी विमानांत जातं ते एटीएफ, म्हणजे जवळजवळ रॉकेल. ते याला चालत नाही. एव्हगॅस भारतात अनेक वर्षं बाहेरूनच यायचं. इंडियन ऑइलने बडोद्याच्या रिफायनरीत बनवून ते बाजारात आणलं सप्टेंबर २०२२ मध्ये. चांगलं झालं, पण ते प्रामुख्याने फ्लाइंग स्कूलसाठी आणि बॅरलच्या हिशेबाने. टी२१० तासाला साठ-पासष्ट लिटर पितं. दोनशे लिटरचं बॅरल तीन तासांत खलास. जिथे ट्रेनिंगची पिस्टन विमानं उडतात असं आपल्या बाजूचं एक ठिकाण म्हणजे बारामती. तिथे कुणी विकत दिलंच तर टेम्पोत बॅरल टाकून इंदापूरमार्गे सोलापूरला आणायचं? की पेट्रोल भरायला विमानच बारामतीला न्यायचं आणि जाऊन-येऊन साठ लिटर जाळायचं? मेकॅनिकचंही तेच. हे इंजिन ज्याच्या लायसन्सवर आहे असा एएमई सोलापूरला यायचा तर त्याचं तिकीट, हॉटेल आणि वाट बघणं आपलं.

आता आप्पांचं रान. आप्पांना मी गंमत म्हणून सांगितलं होतं. ते गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "जमीन काळी आहे, माहितंय ना?" एवढंच. एवढ्या एका वाक्यात सगळी शीट गेली. दीड-दोन टनांचं विमान, पुढचं चाक जेमतेम स्कूटीएवढं. जूनच्या पहिल्या पावसानंतर काळ्या मातीत ट्रॅक्टर रुततो, तिथे हे बाहेर काढणार कसं? पट्टी पक्की करायची तर मुरूम, रोलर, चर, आणि मग ते रान परत रान होत नाही. शिवाय कुंभारीपासून सोलापूरची धावपट्टी काही किलोमीटरवर. तिच्या बगलेत खासगी पट्टीला कोण परवानगी देणार?

आणि त्या धावपट्टीचा इतिहास डलासवाल्याला माहीत नाही, कारण तो तेव्हा इथे नव्हता. कुमठ्याच्या सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची को-जनरेशनची चिमणी, नव्वद मीटरच्या वर, विमानांच्या वाटेत येते म्हणून वर्षानुवर्षं वाद चालला. कोर्टकचेऱ्या झाल्या, सभासद रस्त्यावर उतरले, शहरातले लोक विमानसेवेसाठी उपोषणाला बसले. एकाच घरात दोन बाजू होत्या. आमच्याही. ऊस त्या कारखान्याला जायचा आणि मुलगा पुण्यात नोकरीला. १५ जून २०२३ ला चिमणी पाडली. काही सेकंदांत. आप्पांनी तो व्हिडिओ मोबाईलवर बघितला आणि मोबाईल पालथा ठेवला. पुढे २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईचं.

तेव्हा ती धावपट्टी फुकटात आलेली नाही. ऊसवाल्यांनी तिची किंमत मोजलीय. म्हणून मला वाटतं तिच्यावर छोटी विमानंही उतरावीत. अगदी खुशाल उतरावीत. दिवसाला दोन-चार उड्डाणांसाठी एवढी मोठी धावपट्टी पडून राहणं हाही अन्यायच आहे. पण त्यासाठी काय पाहिजे याची यादी केली तर तीत टर्बो कुठेच येत नाही. एक साधं हँगर पाहिजे. इंधन पाहिजे. पहाटेची वेळ जादा पैशांशिवाय पाहिजे. तासावर विमान भाड्याने देणारा क्लब पाहिजे, जसा मित्राला डलासमध्ये सहज मिळतो. तो स्वतः तिथे विमान विकत घेऊन उडत नाही, भाड्याने उडतो! आणि आम्हाला इथे मालकी सुचवतोय. भाड्याची सोय नाही तिथे मालकी घेणं म्हणजे नळ नाही म्हणून धरण बांधणं.

तरीही टर्बोचाच हट्ट असेल तर एकच जागा आहे जिथे मी मान तुकवीन. डायमंड डीए४० एनजी. ऑस्ट्रियन विमान, त्याचं इंजिन मर्सिडीजच्या दोन लिटरच्या डिझेलवरून बनवलेलं, १६८ हॉर्सपॉवर, एटीएफवर चालतं आणि टी२१० च्या निम्म्याहून कमी पितं. याला टर्बो आहे, पण तिथे तो उंचीच्या हौसेसाठी नाही, टर्बोशिवाय हल्ली डिझेल इंजिन चालतच नाही, आपल्या बोलेरोलासुद्धा आहे. एटीएफ निदान देशभरच्या विमानतळांवर मिळतं. तोटे आहेतच : वेग कमी, चार सीट म्हणतात पण टाकी भरली की तीनच माणसं, आणि वापरलेलं घ्यायला गेलात तरी महाग, शिवाय चाळीस टक्के सुटत नाहीतच. चौघांना झेपणार नाही. वीस जणांचा क्लब असेल तर कदाचित.

मी मित्राला उलटा प्रस्ताव दिलाय. अडतीस लाख राहू देत. आम्ही तिघांनी आधी पाच-पाच लाख काढून एखाद्या फ्लाइंग स्कूलमध्ये साध्या, बिनटर्बोच्या विमानावर तास भरावेत. सोलो होईपर्यंत तिघांतले किती टिकतात ते बघू. मला स्वतःचीच खात्री नाही, मी शिवनेरीतसुद्धा पुढची सीट मागतो. आणि तोपर्यंत पुण्याला जायला वंदे भारत आहे, फेब्रुवारी २०२३ पासून, तीन-सव्वातीन तासांत, नाश्त्यासकट.

त्याचा रिप्लाय अजून आलेला नाही. शीट मात्र काल रात्री कुणीतरी एडिट केलीय. 'क्लॅम्प' नावाची एक नवी रो आहे, पुढचा रकाना रिकामा. आणि आज सकाळी आप्पांचा फोन आला. म्हणाले, "त्या पोराला सांग, पट्टी बघायला यायचं तर तूर निघाल्यावर ये. आत्ता रानातनं चालायला जागा नाही."